घरच्या घरी चुंबकीय ढवळणी: यीस्टचा स्टार्टर करू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी

चुंबकीय ढवळणी म्हणजे खाली फिरणाऱ्या चुंबकाने वरच्या भांड्यातील कांडी फिरवून द्रव ढवळणारे यंत्र. प्रयोगशाळेतील अशी ढवळणी विकत घ्यायची म्हटले तर काही हजार रुपये मोजावे लागतात. कम्प्युटरचा जुना पंखा, दोन चुंबक, मोबाइलचा पडून असलेला चार्जर आणि स्वयंपाकघरातील एक रिकामा डबा एवढ्या सामानात तेच काम घरी होते आणि त्यासाठी एक मोकळी दुपार पुरते. यंत्र करणे हा या कामातील सोपा भाग आहे. ते किती हळू चालवायचे हे कळणे आणि त्यावर ठेवलेले द्रव स्वच्छ राखणे हा अवघड भाग, म्हणून या लेखात जोडणीइतकीच जागा वापराला दिली आहे.

प्रथम स्टार्टर म्हणजे काय ते पाहू. द्रवरूप यीस्टची पिशवी, फ्रिजमध्ये काही आठवडे राहिलेला यीस्टचा गाळ किंवा परीक्षानळीतील आगरवर (शेवाळापासून केलेल्या जेलीवर) वाढवलेले संवर्धन यांत जिवंत पेशींची संख्या मुख्य कामासाठी अपुरी असते. म्हणून आधी लिटरभर पातळ माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) पाण्यात त्या पेशी वाढवून घेतात आणि मग ते यीस्ट मोठ्या भांड्यात किंवा पिठात घालतात. या लिटरभर वाढीला स्टार्टर म्हणतात. नाते विरजणाशीच आहे. मात्र विरजण लावले की भांडे हलवायचे नसते, आणि इथे ते सतत हलते ठेवायचे असते.

पुण्यातील वाचकांसाठी कायद्याची बाजू आधीच स्पष्ट केलेली बरी. १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणे हा गुन्हा आहे आणि घरात, स्वतःपुरती केलेली बिअरही त्यातून सुटत नाही. ब्रिटनमध्ये १९६३पासून घरगुती बिअरला परवाना लागत नाही आणि अमेरिकेत १९७८च्या कायद्याने संघराज्य पातळीवर तशी मोकळीक मिळाली. तिकडच्या घरगुती बिअर करणाऱ्यांनीच ही पंख्याची ढवळणी लोकप्रिय केली. आपल्याकडे तिचा उपयोग परवानाधारक मायक्रोब्रूअरीत काम करणाऱ्यांना, सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आणि माझ्यासारख्या पाव भाजणाऱ्यांना आहे. पुण्यात २००९मध्ये ‘डूलाली’ सुरू झाल्यापासून अशा ब्रूअरींची संख्या बरीच वाढली आहे आणि तिथे नव्याने लागलेल्या मुलामुलींना यीस्ट सांभाळण्याचा सराव हवा असतो. या लेखातील कृती यीस्टपाशी थांबते. यीस्ट तळाशी बसल्यावर वर उरणारे पाणी मोरीत ओतायचे आहे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे कोणाचा खर्च वाया जाणार नाही. किराणा दुकानात मिळणाऱ्या कोरड्या यीस्टला स्टार्टरची गरज नसते. कोरड्या पेशींमध्ये वाढीसाठी लागणारा साठा कारखान्यातच भरलेला असतो. त्यांना स्टार्टरमध्ये घातले तर तो साठा आधीच खर्ची पडतो. रविवारी पाव करायचा एवढाच हेतू असेल तर कोरडे यीस्ट घ्यावे आणि हा लेख सोडून द्यावा.

ढवळल्याने काय होते

यीस्टच्या पेशी पाण्यापेक्षा जड असतात आणि संधी मिळताच तळाशी बसतात. तळाच्या थरातील पेशींना भोवतालची साखर पुरेशी मिळत नाही आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड द्रवात साचत राहतो. ढवळत राहिल्यास पेशी तरंगत्या राहतात, वायू बाहेर पडतो आणि पृष्ठभागावरून थोडा थोडा ऑक्सिजन आत शिरतो. हा ऑक्सिजन पेशींना आपल्या पटलासाठी स्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्ले तयार करायला लागतो. ती अपुरी पडली तर पेशी काही पिढ्यांनंतर विभागणे थांबवते.

ऑक्सिजन दिला की यीस्ट फक्त वाढते आणि अल्कोहोल करत नाही, असा एक समज नवशिक्यांमध्ये आढळतो. तो चुकीचा आहे. साखरेचे प्रमाण पुरेसे असेल तर हे यीस्ट हवा असूनही किण्वन करते. या गुणाला क्रॅबट्री परिणाम म्हणतात. म्हणूनच स्टार्टरच्या पाण्यातही अल्कोहोल तयार होते, त्याची चव बेचव असते आणि ते कशातही न मिसळता फेकणे योग्य.

या यंत्राची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील आर्थर रोझिंगर यांना फिरत्या चुंबकाने बंद भांड्यातील कांडी फिरवण्याच्या रचनेचे पेटंट १९४४मध्ये मिळाले. आपण करतो ते त्याच रचनेचे रूप आहे. फक्त मोटरीच्या जागी पंखा आला आणि चुंबक निओडिमियमचे झाले. भांड्याला भोक नाही, दांडा नाही, म्हणजे बाहेरचा जंतू आत यायला वाट नाही. रवीने किंवा मिक्सरने ढवळण्यापेक्षा ही पद्धत सरस ठरते ती याच कारणाने.

सामान

पंखा १२ व्होल्टचा, ८० किंवा १२० मिलिमीटरचा, कम्प्युटरच्या कॅबिनेटमधून काढलेला चालतो. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तापकीर गल्लीत तो नवा मिळतो. जुना हवा असेल तर बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात एक फेरी मारावी. पंख्याचे मधले गोल बूड, ज्याला पाती चिकटलेली असतात, ते सपाट आणि किमान ३० मिलिमीटर व्यासाचे असावे. पंखा घेताना पाते बोटाने फिरवून पाहावे. तो सहज फिरून सावकाश थांबला पाहिजे. खरखर वाटली तर ठेवून द्यावा, कारण आपल्याला तो सलग दीड दिवस चालवायचा आहे.

चुंबक निओडिमियमचे, १० मिलिमीटर व्यासाचे आणि ३ मिलिमीटर जाडीचे दोन. हे चुंबक दिसायला लहान पण ताकदीला भलतेच असतात. एकमेकांवर आपटले की त्यांचे टवके उडतात, मध्ये बोटाची कातडी सापडली तर चांगलाच चिमटा बसतो आणि लहान मुलाने दोन गिळले तर आतड्यांच्या भिंती त्यांच्यामध्ये दाबल्या जाऊन शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. घरात रांगते मूल असेल तर काम संपेपर्यंत ते डबीत बंद ठेवावेत. हृदयात पेसमेकर असलेल्या व्यक्तीने हे काम हातात घेऊ नये.

बंद पडलेली हार्ड डिस्क घरात असेल तर चुंबक विकत घ्यायचीही गरज नाही. तिच्या आतील वाकड्या चुंबकाच्या एकाच पृष्ठभागावर उत्तर आणि दक्षिण असे दोन्ही ध्रुव शेजारी-शेजारी असतात, त्यामुळे एकच चुंबक पुरतो. तो अगदी मध्यावर बसवायला मात्र कष्ट पडतात.

ढवळायची कांडी, म्हणजे टेफ्लॉनच्या आवरणातील चुंबक, २५ मिलिमीटर लांबीची घ्यावी. ती आणि काचेचे शंकुपात्र प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळते. शंकुपात्र बोरोसिलिकेट काचेचे आणि दोन लिटरचे असावे, कारण त्यात एकच लिटर द्रव भरायचे आहे. उरलेली जागा फेसासाठी आहे. लोणच्याची बरणी चालेल का, असे पुष्कळ जण विचारतात. बरणीचे बूड बहुधा मध्ये फुगीर असते आणि त्या टेकडावरून कांडी घसरत राहते. बूड सपाट असलेली बरणी सापडली तर चालेल, पण तिच्यात उकळते द्रव ओतू नये; साध्या काचेला तो धक्का सोसत नाही.

याशिवाय प्लॅस्टिकचा चौकोनी डबा, चार लांब स्क्रू व त्यांचे नट, लोखंडी पट्टीचा एक तुकडा, दोन नळ्यांतून येणारा एपॉक्सी गोंद आणि विजेचा पुरवठा लागतो. डब्याऐवजी प्लायवुडची किंवा अ‍ॅक्रिलिकची पेटी चालते. पत्र्याचा डबा चालत नाही. लोखंडी झाकण चुंबकाचे क्षेत्र आपल्यातच ओढून घेते आणि वर कांडीपर्यंत फारसे काही पोचत नाही.

जोडणी

सगळ्यात जास्त चुका चुंबकांच्या दिशेत होतात, म्हणून तिथे सावकाश जावे. दोन्ही चुंबक एकावर एक चिकटू द्यावेत. त्या जोडीच्या वरच्या चुंबकाच्या वरच्या तोंडावर मार्करने ठिपका द्यावा, मग तो चुंबक बाजूला सरकवून खालच्याच्याही वरच्या तोंडावर ठिपका द्यावा. आता दोन्ही ठिपके एकाच ध्रुवावर आहेत. पंख्यावर बसवताना एका चुंबकाचा ठिपका वर आणि दुसऱ्याचा खाली ठेवायचा. असे केल्याने कांडीचे एक टोक एका चुंबकाकडे आणि दुसरे टोक दुसऱ्याकडे ओढले जाते आणि ती पंख्याबरोबर फिरते. दोन्ही ठिपके वर आले तर कांडी मध्यावर ठरत नाही, एका बाजूला पळते आणि काचेवर आपटत राहते. माझी पहिली ढवळणी अशीच होती; पंखा वाईट आहे असे समजून मी दुसरा आणला आणि त्यावरही चुंबक तसेच चिकटवले.

लोखंडी पट्टी साधारण ३० मिलिमीटर लांब कापून, कडा घासून, पंख्याच्या बुडावर मध्यभागी बसवावी. चुंबक तिच्यावर स्वतःच चिकटतात, त्यामुळे गोंद लावण्याआधी जागा हवी तशी बदलता येते. शिवाय खालच्या बाजूचे क्षेत्र पट्टीतून जोडले जाऊन वरच्या बाजूला जोर वाढतो आणि पंख्याच्या मोटरला त्रास कमी होतो. दोन चुंबकांच्या मध्यबिंदूंत २० मिलिमीटर अंतर ठेवावे. केंद्रापासून दोन्ही अगदी सारख्या अंतरावर हवेत. एकीकडे मिलिमीटरभर जास्त झाले तरी पंखा थरथरतो आणि डबा ओट्यावर सरकू लागतो. आधी गोंदाशिवाय, कमी वेगावर, डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावून काही सेकंदच चालवून पाहावे, थरथर जाईपर्यंत चुंबक सरकवावेत आणि मगच एपॉक्सी लावून रात्रभर सुकू द्यावे. फेविक्विकने हे काम करू नये. ते धक्क्याने सुटते आणि फिरत्या पंख्यावरून सुटलेला चुंबक कुठे जाईल याचा नेम नाही.

मग डबा उपडा करून पंखा आतून, चुंबक वरच्या बाजूला येतील असा, चार स्क्रूंवर टांगावा. प्रत्येक स्क्रूवर पंख्याच्या वर आणि खाली नट ठेवले तर उंची जुळवता येते. चुंबकाचा माथा आणि डब्याचे बूड यांत २ ते ३ मिलिमीटर अंतर पुरेसे आहे. ते जितके कमी तितकी पकड चांगली, पण भरलेले शंकुपात्र ठेवल्यावर प्लॅस्टिक किंचित लवते, म्हणून अंतर मोजायचे ते वर पाण्याने भरलेले भांडे ठेवून. डब्याच्या बाजूंना हवेसाठी भोके पाडायला विसरू नये.

वेग

सुरुवात सर्वांत सोप्या मार्गाने करावी: मोबाइलच्या ५ व्होल्टच्या चार्जरची जुनी केबल कापून तिची लाल तार पंख्याच्या लाल तारेला आणि काळी काळ्या तारेला जोडावी. पंख्याला पिवळी किंवा निळी तार असेल तर ती मोकळी सोडून टोकावर चिकटपट्टी गुंडाळावी. १२ व्होल्टचे बरेचसे पंखे ५ व्होल्टवर हळू चालू लागतात आणि आपल्याला हवा असलेला वेग पुष्कळदा एवढाच असतो. काही पंखे सुरूच होत नाहीत. त्यांना पुढचा मार्ग घ्यावा लागतो.

पुढचा मार्ग म्हणजे १२ व्होल्टचा अडॅप्टर आणि मध्ये व्होल्टेज कमी करणारा तयार छोटा बोर्ड. एलएम २५९६ हे नाव सांगितले की दुकानदार तो काढून देतो. त्यावरील पितळी स्क्रू अनेक फेरे फिरतो, त्यामुळे वेग अगदी थोडा थोडा वाढवता येतो. स्वतः सर्किट करायची हौस असेल तर एलएम ३१७ ही व्होल्टेज कमी करणारी चिप घ्यावी, २४० ओहमचा रेझिस्टर आणि २ किलोओहमचा पॉट (फिरवून रोध बदलता येणारा रेझिस्टर) वापरावा. बाहेर येणारे व्होल्टेज १.२५ पासून सुमारे १० पर्यंत बदलते. पंखा ०.२ अँपिअर घेत असेल आणि त्याला ६ व्होल्ट मिळत असतील तर उरलेले ६ व्होल्ट गुणिले ०.२, म्हणजे १.२ वॅट उष्णता त्या तीन पायांच्या चिपमध्ये तयार होते, म्हणून तिला अ‍ॅल्युमिनियमचा छोटा हीटसिंक लावावा. तारेच्या मध्ये नुसता साधा पॉट टाकून वेग कमी करू नये. रेडिओचा आवाज कमी-जास्त करणारा कार्बनचा पॉट एवढा प्रवाह सोसत नाही. आधी जळका वास येतो, मग धूर.

आता कोरी चाचणी. शंकुपात्रात लिटरभर साधे पाणी आणि कांडी घालावी, भांडे डब्यावर ठेवून कांडी मध्यावर ‘पकडली’ जाईपर्यंत सरकवावे आणि वेग शून्यापासून वाढवत न्यावा. सुरुवातीला काचेवर टक टक असा आवाज येतो, कांडी एकदा-दोनदा दचकते, मग आवाज बंद होऊन फक्त बारीक घरघर उरते. पाण्याच्या पृष्ठभागावर मध्ये वाटीसारखा खळगा दिसू लागला की थांबावे. एवढाच वेग हवा.

इथे जवळपास प्रत्येक नवशिक्या पुढे जातो, कारण खळगा खोल होत बुडापर्यंत पोचलेला भोवरा दिसायला फार सुंदर असतो आणि पाहुण्यांना दाखवावासा वाटतो. त्याने पेशींचा काहीही फायदा होत नाही. पेशी तरंगत्या राहणे आणि पृष्ठभाग हलता राहणे एवढे उथळ खळग्यातही साधते. जास्त वेगाने फेस वाढतो, पंखा तापतो आणि शेवटी कांडी चुंबकांची साथ सोडून एका कडेला जाऊन थडथडत बसते. तसे झाले की पंखा बंद करावा, कांडी थांबू द्यावी, भांडे हलवून ती पुन्हा मध्यावर आणावी आणि हळू सुरुवात करावी. चालू पंख्यावर ती परत पकडली जात नाही. या चाचणीत यंत्र पाण्यावर रात्रभर चालले तरच त्यावर यीस्ट ठेवावे.

स्टार्टर लावणे

लिटरभर पाण्याला १०० ग्रॅम कोरडा माल्ट एक्स्ट्रॅक्ट घेतला की द्रवाची घनता सुमारे १.०३७ होते. याला वर्ट म्हणतात. यापेक्षा गोड केले तर जास्त यीस्ट मिळेल हा हिशेब चुकतो. दाट वर्टमध्ये पेशींवर ताण येतो आणि त्या अशक्त निघतात. माल्टऐवजी गूळ किंवा साखर का नको, याचे कारण असे की माल्टची मुख्य साखर माल्टोज आहे. नुसत्या उसाच्या साखरेवर वाढवलेल्या पेशींना पुढे माल्टोज पचवायला वेळ लागतो. शिवाय साखरेत नत्र आणि जीवनसत्त्वे नसतात. बेकरीचे यीस्ट कारखान्यात साखर कारखान्यांच्या मळीवरच वाढवतात हे खरे आहे, पण तिथे नत्र आणि स्फुरद वेगळे घालून, हवा सोडून, मळी थेंबाथेंबाने दिली जाते. ते घरी जमत नाही.

वर्ट पातेल्यात १५ मिनिटे उकळावे. शंकुपात्रातच उकळण्याचा मोह होतो, कारण मग भांडे आपोआप निर्जंतुक होते. परंतु त्याची मान अरुंद असते आणि माल्टचे पाणी दुधासारखे, किंबहुना दुधापेक्षा लबाडीने उतू जाते. एकदा माझे लिटरभर वर्ट तीन सेकंदांत मानेतून कारंज्यासारखे उडाले आणि शेगडीचे बर्नर सुटे करून घासण्यात संध्याकाळ गेली. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. दोन दिवसांत वापरायच्या स्टार्टरला एवढे तापमान पुरते. आगरवरून घेतलेल्या मोजक्या पेशी वाढवायच्या असतील तर मात्र शंकुपात्र वर्टने अर्धेच भरून, तोंडावर फॉइल बांधून, प्रेशर कुकरमध्ये २० मिनिटे ठेवावे आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. शिटी उचलून वाफ सोडली की आतील वर्ट लगेच उसळते.

कांडी आणि रिकामे शंकुपात्र वर्टच्याच वेळी दुसऱ्या पातेल्यात उकळून घ्यावे. टेफ्लॉनचे आवरण ही उष्णता सहज सोसते. डब्यातील निओडिमियमच्या चुंबकांचे तसे नाही. साध्या प्रतीचे चुंबक ८० अंशांच्या पुढे आपली शक्ती गमावू लागतात, म्हणून गरम भांडे ढवळणीवर कधीही ठेवू नये. वर्ट झाकून, पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवून २५ अंशांपर्यंत निववावे. उकळणे संपल्यापासून पुढे जे जे वर्टला लागणार आहे ते निर्जंतुक हवे: नरसाळे, यीस्टच्या पिशवीची कापायची कड, कात्री, स्वतःचे हात. ७० टक्क्यांचे स्पिरिट फवारून मिनिटभर थांबावे. फवारताना शेजारी गॅस पेटलेला नसावा आणि वरचा पंखा बंद असावा. पंख्याखाली उघडे वर्ट म्हणजे छतावरील धुळीला आमंत्रण.

यीस्ट घातल्यावर तोंडावर अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलची सैल टोपी बसवावी. घट्ट बूच किंवा एअरलॉक (वायू फक्त बाहेर सोडणारी झडप) लावू नये. वायू बाहेर जाणे आणि हवा आत येणे हेच तर हवे आहे. जंतू वर चढून टोपीखाली वळत नाहीत, ते धुळीबरोबर वरून पडतात, त्यामुळे सैल टोपी पुरते.

खोलीचे तापमान २० ते २५ अंश असेल तर उत्तम. पंखा स्वतः थोडी उष्णता देतो, म्हणून खोलीचे नव्हे तर भांड्याचे तापमान पाहावे. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशीला टेकतो. त्या दिवसांत सर्वांत थंड खोलीत, फरशीजवळ आणि शक्यतो रात्रीच स्टार्टर लावावा. भांड्याला ओले फडके गुंडाळण्याची युक्ती इथे वापरू नये, कारण खाली वीज आहे.

किती वेळ? ताज्या पिशवीला १८ ते २४ तास, जुन्या गाळाला ३६. सुरुवातीला द्रव पारदर्शक तांबूस असते. पहिले सहा-आठ तास काहीच घडत नाही असे वाटते, मग रंग हळूहळू फिकट होऊन दूध घातलेल्या चहासारखा दिसू लागतो. चमचाभर नमुना पेल्यात काढून उजेडासमोर धरला तर आरपार काही दिसत नाही. वास ताज्या पावाचा किंवा किंचित फळांचा असावा. व्हिनेगरचा झणका, कुजका वास किंवा पृष्ठभागावर कोरडा पापुद्रा आढळला तर सगळे फेकावे. ‘उकळून घेतले की चालेल’ असा विचार करू नये, कारण उकळल्यावर यीस्टच मरेल.

पुण्यात गुरुवार हा देखभालीसाठी वीज जाण्याचा वार, तेव्हा सुरुवात गुरुवारी रात्री करणे सोयीचे पडते. मध्येच वीज गेली म्हणून स्टार्टर बिघडत नाही. येता-जाता भांडे हाताने गोल फिरवून तळ उचलावा. वीज परत येते तेव्हा मात्र पंखा एकदम सुरू होऊन कांडी सुटू शकते, म्हणून वीज गेल्याबरोबर बटण बंद करून ठेवावे. आणि खरे सांगायचे तर यंत्र नसतानाही, दर तासा-दोन तासांनी भांडे नुसते हाताने घुसळत राहून कामापुरता स्टार्टर होतो. यंत्रामुळे पेशी जास्त मिळतात आणि रात्री उठावे लागत नाही.

गाळ बसवणे आणि वापरणे

ढवळणे थांबवून भांडे फॉइलसह फ्रिजमध्ये ठेवावे. २४ तासांत, काही जातींच्या बाबतीत ४८ तासांत, तळाशी साईच्या रंगाचा घट्ट थर बसतो आणि वर स्वच्छ पाणी उरते. ते पाणी ओतण्यापूर्वी एक सुटा चुंबक बाहेरून काचेला लावून कांडी बुडाशी धरून ठेवावी. हे न केल्याने माझी एक कांडी सिंकच्या जाळीतून गेली. खालचा पाइप सोडवल्यावर ती सापडली खरी, पण तिच्याबरोबर दोन चमचेही निघाले.

ब्रूअरीत काम करणाऱ्यांनी पेशींचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. एल प्रकाराच्या बिअरसाठी दर मिलिलिटरला, प्लेटोच्या (वर्टमधील साखरेच्या वजनी टक्केवारीच्या मापाच्या) प्रत्येक अंशामागे, साडेसात लाख पेशी हा नेहमीचा आकडा आहे. २० लिटरची १२ प्लेटोची चाचणी-तुकडी असेल तर ७,५०,००० गुणिले २०,००० गुणिले १२, म्हणजे १८० अब्ज पेशी लागतात. लागर या थंडीत आंबवायच्या बिअरला याच्या दुप्पट. द्रवरूप यीस्टची ताजी पिशवी साधारण १०० अब्जांची असते. स्टार्टरची गरज कुठून येते ते या दोन आकड्यांत दिसते. पेशी थोड्याच हाताशी असतील तर एकदम मोठ्या भांड्यात टाकू नयेत. १०० मिलिलिटरपासून लिटरपर्यंत, असे दहापटींच्या आतील टप्पे घ्यावेत. शुद्ध संवर्धन हवे असल्यास पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. विद्यार्थ्यांनी आपल्या महाविद्यालयामार्फत तिथे विचारणा करावी.

पावासाठी हिशेब वेगळा आहे. लिटरभर स्टार्टरमधील गाळ बेकरीच्या १० ते १५ ग्रॅम ताज्या यीस्टच्या तोडीचा असतो, म्हणजे अर्धा किलो मैद्याला पुरतो. वरचे पाणी ओतून झाल्यावर गाळ खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, अर्धी वाटी कोमट पाण्यात मोडावा आणि त्याच पाण्यात पीठ भिजवावे. ब्रूअरीच्या जातीचे यीस्ट असेल तर पीठ बेकरीच्या यीस्टपेक्षा सावकाश फुगते. घड्याळ न पाहता पीठ दुप्पट होण्याची वाट पाहावी. हिवाळ्यात मी पीठ रात्री भिजवून सकाळी भाजतो.

काम झाल्याबरोबर शंकुपात्र धुवावे. फेसाची रेघ मानेवर वाळली की ब्रशही हरतो. मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून रात्रभर ठेवावे लागते. कांडी धुऊन, पुसून, तिच्या आवरणाला चीर पडली आहे का ते नखाने तपासावे. चीर पडलेली कांडी टाकून द्यावी, कारण त्या फटीत राहिलेले वर्ट उकळूनही नीट साफ होत नाही. चांगली कांडी ढवळणीच्या डब्यावरच चिकटवून ठेवावी.